व्हॅनॅगनमध्ये सुबारूचं इंजिन बसवलं: माझा अनुभव

आमची १९८७ची फोक्सवॅगन व्हॅनॅगन वेस्टफालिया (राहण्याची सोय असलेली व्हॅन), इकडे कॅलिफोर्नियात. मूळ इंजिन २.१ लिटर, ९५ हॉर्सपॉवर, आणि आत बेड, शेगडी, फ्रिज असा सगळा संसार, मग चढावर काय होणार. म्हणून १९९२च्या सुबारू लेगसी गाडीचं ईजे२२ इंजिन घेतलं, १३० हॉर्सपॉवर, तेही मूळ इंजिनासारखंच बॉक्सर (आडव्या सिलिंडरांचं, बुटकं) असल्याने मागच्या खणात मावतं. गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट मिळते, ऑइल पॅन (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खाली लोंबतो, तो उथळ करून घ्याच.

खरा वैताग वायरिंगचा. नको त्या वायरी सोडवत बसा, वर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) स्पीड सेन्सरचा सिग्नल द्यायचाच, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागतो.

सुरू केल्यावर टेंपरेचरचा काटा वर जायला लागला... रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधल्या लांब पाइपांत हवा अडकते, तर पुढची बाजू जॅकवर उचलली, रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) सैल केला आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतत राहिलो, मग काटा बसला जागेवर.

आणि हो, इकडे इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नवं लागतं, स्मॉग रेफ्रीकडून (धुराच्या तपासणीचं सरकारमान्य केंद्र) पास करावं लागतं, त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका, कोणी काहीही सांगो.