करंट गेल्यावर मेणबत्ती लावताय? आधी मांजर-कुत्रं कुठं आहे ते बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नसतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर तारेवर झाड पडलं की सगळी रात्र अंधारात काढायची तयारी ठेवावी लागते. दोन वर्षांपूर्वी आषाढात असाच करंट गेला. मी पालथ्या फुलपात्रावर मेणाचे दोन थेंब पाडून मेणबत्ती चिकटवली, सोप्यातल्या तिपाईवर ठेवली आणि भाकरी थापायला आत गेले. जरा वेळानं केस जळाल्याचा वास आला. धावत बाहेर आले तर मनी तिपाईवर, ज्योतीकडं पाठ करून खिडकीतून पाऊस बघत बसलेली, आणि शेपटीचं टोक धुमसतंय. पिठाच्या ओल्या हातानं मी शेपटी मुठीत दाबली तेव्हा कुठं ती ओरडली. टोकाचे केस तपकिरी होऊन आखडले होते, बोटांत चोळले की त्यांची पूड व्हायची. कातडी तेवढी वाचली.

जनावर विस्तवाला भितं, असं मी तोवर धरून चालले होते. रानातलं भीत असेल. आपली मांजरं चुलीजवळच्या राखेत झोपून वाढलेली, त्यांना विस्तव म्हणजे ऊब. त्यात मांजराला कातडीवरची उष्णता आपल्यापेक्षा उशिरा खुपते. तेव्हा 'तिला कळतं की' हा भरवसा सोडा.

उजेड आहे तोवर जागा ठरवा

अंधारात चाचपडत मेणबत्ती लावली की ती हाताला लागेल तिथं ठेवली जाते. म्हणून दिवसाच घरातून एक फेरी मारा. कुत्रं असेल तर त्याची शेपटी किती उंचीवर हलते ते बघा. मुधोळ जातीचं उंच कुत्रं असो की साधं गावठी, आनंदानं हललेली शेपटी तिपाईवरचा पेला सहज उडवते, तशी मेणबत्तीही उडवेल. कुत्र्यासाठी स्वयंपाकाच्या कट्ट्याची मागची, भिंतीकडची बाजू बरी.

मांजराला उंचीचा अडसर नाही. फ्रीजवर, फडताळावर, माळ्यावर ते चढतंच. जुन्या घरांत आढ्याच्या आकडीला कंदील टांगायचे, ती पद्धत मला अजूनही सगळ्यांत शहाणी वाटते. तशी सोय नसेल तर मांजर असलेल्या खोलीत उघडी ज्योत नकोच. तिथं चार्जिंगची बॅटरी लावा. पडदा, कॅलेंडर, वर्तमानपत्रांचा गठ्ठा ज्योतीपासून निदान एक फूट लांब हवा.

पालथं फुलपात्र विसरा

मेणाच्या दोन थेंबांवर उभी केलेली मेणबत्ती मांजराच्या एका पंज्यानं आडवी होते. जड बुडाचं, उभट पातेलं घ्या. तळाला चार बोटं कोरडी वाळू भरा. मेणबत्ती तीत घट्ट रोवा आणि ज्योत काठाच्या खालीच राहील एवढ्या उंचीची ठेवा. उजेड छताकडं जातो, थोडा कमी पडतो, पण वावरायला पुरतो. पातेल्याला धक्का लागला तरी ते लवंडत नाही आणि वितळलेलं मेण वाळूतच राहतं. वात पाव इंचच उरेल एवढी कापून मगच लावा. लांब वातीची ज्योत उंच जाते आणि काजळी धरते.

खोलीतून उठताना फुंकर मारायची. भाकरी करपेल, दारात कोणी आलंय, मूल रडतंय, काहीही असो. माझी चूक झाली ती इथंच. विझवल्यावरही मेण गोठेपर्यंत पातेलं तिथून हलवू नका.

सेलवर चालणारे दिवे चांगले, पण त्यांतला बटणासारखा सेल कुत्र्यानं गिळला तर तो अन्ननलिका आतून जाळतो. ज्याचं झाकण स्क्रूनं बंद होतं असाच दिवा घ्या.

दिवाळीची काळजी वेगळी

पणतीत ज्योतीइतकंच तेल आणि वातही घातक. तुपाच्या वातीचा वास कुत्र्या-मांजरांना ओढतो. विझलेली वात गिळली तर सूत आतड्यात अडकतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं. तसंच डॉक्टरकडं न्या. उंदीर तेलाची वात पळवतो हे जुन्या माणसांना ठाऊक आहे, आणि त्यामागं मांजर धावलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून रात्री निजण्याआधी वृंदावनापासून उंबऱ्यापर्यंतच्या सगळ्या पणत्या मोजून आत घ्या.

फटाके सुरू व्हायच्या आधीच जनावराला आतल्या खोलीत न्या, जिथं एकही दिवा लावलेला नाही. घाबरलेलं कुत्रं वाट बघत नाही, पणत्यांच्या रांगेतूनच सुसाट पळतं.

वासाच्या मेणबत्त्या, कापूर आणि पिंजरा

निलगिरी, लवंग, दालचिनी, लिंबूवर्गीय तेलं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. असलं तेल किंवा मेण पायाला लागलं की ते चाटून थेट पोटात जातं. बंद खोलीत अशी मेणबत्ती लावू नका. कापराची वडीही विषारी, ती डबीतच ठेवा. लव्हबर्ड असतील तर पिंजरा धूर पोचणार नाही अशा खोलीत हलवा. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते, आपल्याला न जाणवणारा धूरही त्यांना त्रास देतो.

भाजलंच तर

केस पेटले असतील तर ओला टॉवेल किंवा गोणपाट टाकून आधी विझवा. दुखणारं जनावर मालकालाही चावतं, म्हणून तोंडाकडून न धरता टॉवेलमध्ये गुंडाळून धरा. मग भाजलेल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं हळूहळू सोडा. वीस मिनिटं फार लांबतात, मांजर हातातून सुटायला बघतं, तरी सोडू नका. बर्फ लावू नका. हळद, तूप, टूथपेस्ट, खोबरेल यांतलं काहीच नको. चिकटलेलं मेण कातडीवरून ओरबाडू नका. केसांतलं मेण गार झाल्यावर तेवढे केस कात्रीनं कापा. बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळून ऊब द्या आणि निघा.

आणि घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. दुखणं बघवत नाही म्हणून लोक देतात, पण मांजराचा जीव अर्ध्या गोळीनंही जाऊ शकतो.

डोळ्याजवळ चटका बसला असेल, खोकला येत असेल किंवा जनावर धुरात अडकलं होतं असं वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच रात्री दाखवा. बेळगाव शहरात ते जमतं, खेड्यात धावपळ होते. त्यासाठी जवळच्या पशुवैद्याचा नंबर आजच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मेणबत्त्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. करंट गेल्यावर हात पहिला त्याच डब्याकडं जातो.