वैमानिकाचा करार: व्यवस्थापनासमोर बसण्यापूर्वी

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर उड्डाण शिकून विमान कंपनीत रुजू होणाऱ्या सीमाभागातील तरुणांनी बोलणीची सुरुवात पगाराच्या आकड्यापासून करू नये. आधी प्रशिक्षणाचा बाँड वाचावा: एअरबस ए320 किंवा एटीआर चालविण्याच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या माथी आहे आणि नोकरी मध्येच सोडल्यास वसुलीची रक्कम दरवर्षी घटते की नाही, हे कलम पेन्सिलीने अधोरेखित करावे. जमिनीच्या उताऱ्यावरील बोजा आपण ज्या बारकाईने पाहतो, तीच बारकाई येथे हवी.

पगारात खरी मेख हमीच्या उड्डाणतासांत असते. हमी 70 तासांची असेल, तर उड्डाण 50 तासच झाले तरी 70 तासांचे पैसे मिळतात. हीच हमी 40 वर आली, की उडवलेल्या 50 तासांचेच पैसे मिळतात; दर तोच राहूनही त्या महिन्यात 20 तासांचे पैसे बुडतात.

‘सोडून जातो’ ही धमकी मात्र देऊ नये. 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कमांडरसाठी (मुख्य वैमानिकासाठी) एक वर्षाची व सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली, हे व्यवस्थापनाला पाठ असते. मागणी संघटनेमार्फत लेखी द्यावी आणि बैठकीच्या इतिवृत्तावर दोन्ही बाजूंच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात.