घार, पिल्लू आणि आठ अक्षरं

सत्ता आणि निरागसपणा यांवर कविता लिहायची असेल, तर सिंह-हरणाची जोडी आधी बाजूला ठेवा. सिंह गीरमध्ये, खानदेशच्या शिवारात तो ना लिहिणाऱ्याने पाहिला, ना वाचणाऱ्याने. इथे केळीच्या बागेतला बिबट्या आहे, कडुनिंबात दडलेला शिक्रा आहे. नवख्याने मात्र घार आणि कोंबडीची पिल्लं घ्यावीत. सगळा प्रसंग भर दिवसा, उघड्यावर घडतो.

लिहिण्याआधी तो नीट पाहा. ऊन डोक्यावर असलं की घारीची सावली खळ्यावरून सरकताना दिसते. कोंबडीचा आवाज बदलतो, पिल्लं पंखाखाली शिरतात किंवा जागीच दबून बसतात. घार पिल्लू उचलते ते पायाच्या नख्यांनी. 'चोचीत धरून उडाली' असं लिहिलंत, की गावाकडचा वाचक तिथेच कविता मिटतो.

छंद अष्टाक्षरी घ्या: ओळीला 8 अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं. 'पिल्लं' म्हणजे दोन अक्षरं. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचं असं काहीतरी होतं:

दुष्ट घार झडपते
गरीब पिल्लू रडते

मोजणी बरोबर, कविता नाही. 'दुष्ट' आणि 'गरीब' म्हटलं की निकाल लागला. वाचकाला करायला काही उरलं नाही. ही दोन्ही विशेषणं खोडा, रडणंही खोडा आणि त्या जागी पाहिलेलं ठेवा:

घार फिरे गावावर
सावली ये दाण्यावर
पिल्लं शिरली पंखात
एक राही खळ्यावर

दाणा पिल्लाचा, पण त्यावर आधी पोचली ती सावली. सत्ता इथे आली, शब्द न वापरता. मागे राहिलेलं पिल्लू का राहिलं, ते सांगू नका. झडपही दाखवू नका. नख्या उतरायच्या आत कडवं थांबवा.

पुढचं कडवं घारीला द्या. हे बहुतेक जण टाळतात आणि कविता घोषणा होऊन बसते. उंच झाडावर काटक्या-चिंध्यांच्या घरट्यात तिचीही पिल्लं चोच उघडून बसलेली असतात. ती भूक आली की घार खरी होते, आणि खऱ्या घारीचीच भीती वाटते. चार कडवी पुरतात.

भक्ष्य शहाणंही असू शकतं. आसोद्याच्या बहिणाबाईंनी ओवीत आणलेली सुगरण घ्या: विहिरीवरच्या बाभळीला टांगलेला खोपा, तोंड खाली. तरी एखादी धामण तिथवर पोचतेच. त्या जोडीत निरागसपणा पिल्लांकडे राहतो आणि खोपा विणणाऱ्या नराकडे कसब येतं, म्हणून दोघांना वेगवेगळी कडवी द्या.

शेवटी मोठ्याने म्हणून पाहा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची ओवी जिभेवरच घडली. जीभ अडखळली तिथे अक्षरं मोजा. बहुधा एखादा 'आणि' किंवा 'तो' जास्तीचा निघतो.