उलटा डायोड किती गळतो? घरीच मोजून बघा

डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट; तो उलटा जोडला की करंट बंद, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि मल्टीमीटरच्या डायोड मोडवर ओएल (म्हणजे करंट जात नाही) दिसलं की विषय संपतो. पण बंद म्हणजे शून्य नव्हे, थोडा गळतोच, आणि तो किती हे मोजायला महागडं मीटर लागत नाही, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पुरतात.

युक्ती अशी की मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्यालाच अँमीटर म्हणून वापरायचं. बऱ्याच डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगोहम असतो, म्हणजे १ व्होल्ट दिसला तर १०० नॅनोअँप जातोय. ते स्वस्तातलं पिवळं मीटर असेल तर बहुतेक १ मेगोहम, मग १ व्होल्टला १ मायक्रोअँप. खात्री नसेल तर एका बॅटरीला सिरीजमध्ये १० मेगचा रेझिस्टर लावून व्होल्टेज बघा, निम्मं आलं तर आपलं १० मेगवालं.

आता बॅटऱ्या सिरीजमध्ये करा, १८ व्होल्ट झाले. प्लसला डायोडची पट्टीवाली बाजू, दुसऱ्या टोकाला लाल प्रोब, काळा प्रोब मायनसला. डायोडच्या दोन्ही तारा बोटांत धरू नका, नाहीतर बोटांतूनच जास्त करंट जाईल.

सुरुवात १एन४१४८ या साध्या छोट्या सिलिकॉन डायोडने करा. डेटाशीट म्हणते २० व्होल्टला जास्तीत जास्त २५ नॅनोअँप, म्हणजे १० मेगच्या मीटरवर पाव व्होल्टच्या आत. हा काचेचा असतो बरं का, उजेड आत जातो. माझा आकडा एकदा सारखा हलत होता, वायर लूज असेल म्हणून अर्धा तास ब्रेडबोर्ड उपसत बसलो आणि मग कळलं की मी वाकलो की टेबल लॅम्प अडतो आणि आकडा उतरतो! काळी टेप गुंडाळा. मग तापलेलं सोल्डरिंग आयर्न न टेकवता जवळ न्या, आकडा चढत जाईल, कारण सिलिकॉनचं लीकेज (गळती) ढोबळमानाने दर १० डिग्रीला दुप्पट होतं.

१एन५८१९ हा शॉटकी, म्हणजे सुलटा असताना कमी व्होल्टेज खाणारा डायोड, लावला तर मीटर जवळपास पूर्ण १८ दाखवेल. शॉर्ट नाहीये तो, गळतीच एवढी आहे. मीटरला पॅरललमध्ये १० के (किलोओहम) चा रेझिस्टर लावा, आता दर १० मिलिव्होल्टला १ मायक्रोअँप धरा. याची डेटाशीट ४० व्होल्टला १ मिलिअँपपर्यंत सूट देते, तरी लोक कमी ड्रॉप बघून बॅटरीच्या सर्किटात डोळे झाकून शॉटकी टाकतात.

शेवटी झेनर, म्हणजे उलटा जोडल्यावर ठरलेल्या व्होल्टेजला मुद्दाम करंट सोडणारा डायोड. हाफ वॉटचा ५.१ व्होल्टचा घ्या, पट्टी प्लसकडे आणि सिरीजमध्ये १ के, तो विसरलात तर झेनर गेलाच म्हणून समजा. मीटर आता झेनरच्या दोन टोकांवर. ५.१ च्या आसपास येईल, मग १ के काढून १० के लावा, रीडिंग काही दशांश खाली येतं. १२ व्होल्टवाल्याला हेच केलंत तर जेमतेम हलेल, कारण त्याच्यात अ‍ॅव्हलांच होतो (इलेक्ट्रॉन धडकून आणखी इलेक्ट्रॉन सुटत जातात) आणि करंट-व्होल्टेजच्या आलेखाचं वळण एकदम तीव्र असतं, ५ च्या खालचे मात्र ढिले. झेनर नसेल तर बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर १० के लावून उलटा (एमिटर प्लसकडे) जोडा, साधारण ७ ते ९ व्होल्टला अडकतो, फक्त तो ट्रान्झिस्टर नंतर अँप्लिफायरमध्ये घालू नका, गेन (करंट वाढवायची ताकद) उतरलेला असतो.