४ एमबीची वाटणी: ईएसपी-३२ च्या स्वतःच्या बोर्डासाठी पार्टिशन टेबल कसं ठरवावं

ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या डेव्हलपमेंट बोर्डावर तयार पार्टिशन टेबल (फ्लॅश मेमरीचा कोणता भाग कशाला, याची यादी) निमूट चालतं, आणि तेच पुढे आपल्या बोर्डावरही जातं. अडचण नंतर येते. फर्मवेअर ओटीएने (वायरलेस अपडेटने) हवं तेव्हा बदलता येतं. टेबल दुरून बदलणं मात्र धोक्याचं, कारण ते लिहिताना वीज गेली तर बोर्ड उठतच नाही. म्हणून वाटणी आजच्या फर्मवेअरच्या मापाने करू नये, काही वर्षांनी ते केवढं होईल ते धरून करावी.

उदाहरणाला शेतातल्या मोटारीचा कंट्रोलर घेऊ: वाय-फाय, ओटीए, थोड्या नोंदी, ४ एमबी फ्लॅश आणि बेभरवशाची वीज.

१. आधी न हलणाऱ्या जागा लिहा

मूळ ईएसपी-३२ वर बूटलोडर (चालू होताच ॲप उचलणारा छोटा प्रोग्राम) फ्लॅशच्या ४ केबीपासून सुरू होतो आणि टेबल ३२ केबीवर बसतं. (एस-३ आणि सी-३ वर बूटलोडर शून्यापासून असतो.) मधल्या २८ केबीत बूटलोडर मावला पाहिजे. सिक्युअर बूट (सही असलेलंच फर्मवेअर चालू देणारी सोय) घेतलं तर तो फुगतो आणि टेबलच पुढे सरकवावं लागू शकतं, त्यामुळे हा निर्णय पहिली बॅच निघण्याआधीच घ्या. टेबल स्वतः ४ केबी घेतं. त्यापुढे ॲपचं पार्टिशन ६४ केबीच्या पटीतच सुरू होतं, बाकीची ४ केबीच्या पटीत.

२. ॲपला जागा

बिल्डनंतरच्या बिन फाइलचा आकार बघा. वाय-फाय, टीएलएस (सुरक्षित जोडणी) आणि एमक्यूटीटी (सर्व्हरशी संदेशांची देवाणघेवाण) धरून तो १ एमबीच्या आसपास सहज जातो. आयडीएफमधलं (ईएसपी-३२ साठीच्या अधिकृत साधनसंचातलं) फॅक्टरी (कारखान्यात भरलेलं मूळ ॲप) आणि दोन ओटीएचं तयार टेबल प्रत्येकाला १ एमबीच देतं, म्हणजे सुरुवातीलाच दाटी. ४ एमबीवर फॅक्टरी ॲप ठेवूच नये असं माझं मत. ते नसलं तर कोऱ्या बोर्डावर बूटलोडर पहिला ओटीए स्लॉट उचलतो. फसलेल्या अपडेटसाठी रोलबॅक (जुन्या ॲपवर परतणं) आहेच, फक्त तो मेनूकॉन्फिगमध्ये (आयडीएफच्या सेटिंग मेनूत) चालू करावा लागतो.

३. काय किती वेळा लिहिलं जाणार?

इथे घाई करू नका. नॉर फ्लॅशमध्ये ४ केबीचा सेक्टर पुसल्याशिवाय जुन्या जागी नवं लिहिता येत नाही, आणि एक सेक्टर साधारण १ लाख वेळा पुसता येतो. मोटारीचे चालू तास दर मिनिटाला एकाच ठरावीक सेक्टरवर पुसून लिहिले, तर दिवसाला १,४४० वेळा पुसणं होतं आणि ६९ दिवसांत ती मर्यादा संपते. तेच एनव्हीएसमधून (सेटिंगसारख्या छोट्या नोंदी फ्लॅशमध्ये ठेवणाऱ्या आयडीएफच्या सोयीतून) लिहिलं तर नवी नोंद पुढच्या मोकळ्या ३२ बाइटांत जाते. एका पानात (म्हणजे एका सेक्टरात) अशा १२६ नोंदी मावतात आणि पान भरून वाहिलं की मगच पुसायची वेळ येते. तेवढ्याच लिखाणावर चिप कितीतरी वर्षं टिकते. तेव्हा एनव्हीएसला कंजुषी नको; १२ केबीपेक्षा कमी तर देऊच नये.

सिरियल नंबर, प्रमाणपत्र आणि कॅलिब्रेशन वेगळ्या एनव्हीएस पार्टिशनमध्ये ठेवा. ग्राहकाने रिसेट केल्यावर वाय-फायचा पासवर्ड जावा, बोर्डाची ओळख जाऊ नये.

फाइलींसाठी मी लिटलएफएस ही फाइल सिस्टिम घेईन. लिहिताना वीज गेली तरी ते सावरतं. एसपीआयएफएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फोल्डर नाहीत आणि दिलेल्या जागेपैकी सुमारे ७५ टक्केच भरवशाने वापरता येते.

४. मांडणी

- एनव्हीएस: ३६ केबीपासून, २० केबी
- ओटीए डेटा (कोणतं ॲप उचलायचं याची नोंद): ५६ केबीपासून, ८ केबी
- ओटीए-०: ६४ केबीपासून, १७९२ केबी
- ओटीए-१: १८५६ केबीपासून, १७९२ केबी
- कोअर डम्प (क्रॅशच्या वेळची स्थिती): ३६४८ केबीपासून, ६४ केबी
- फॅक्टरी एनव्हीएस (सिरियल नंबर वगैरे): ३७१२ केबीपासून, २४ केबी
- लिटलएफएस: ३७३६ केबीपासून, ३६० केबी

सुरुवातीचे ३६ केबी धरून बेरीज बरोबर ४०९६ केबी. ओटीए डेटा ८ केबीचा, कारण त्याचे दोन सेक्टर आलटून पालटून लिहिले जातात; एक लिहिताना वीज गेली तरी दुसरा शाबूत राहतो. टेबलाच्या सीएसव्ही फाइलीत आकार हेक्समध्येच हवा असं नाही, के आणि एम लावलेले आकडेही चालतात.

यात ॲपला वाढायला जागा उरत नसेल तर टेबलाशी झटापट करू नका, मोठी फ्लॅश घ्या. वरूम-३२ई मॉड्यूल ४, ८ आणि १६ एमबीत मिळतं आणि पीसीबीवरची जागा तीच लागते.

५. बसवा आणि वीज तोडा

मेनूकॉन्फिगमध्ये कस्टम टेबल निवडा, फ्लॅशचा आकारही ४ एमबी करा. आयडीएफ मुळात २ एमबी धरतं आणि टेबल मावत नाही म्हणून बिल्ड अडतं. टेबल बदलताना आख्खी फ्लॅश पुसूनच नवं लिहा, नाहीतर जुन्या एनव्हीएसचे अवशेष भलत्या ठिकाणी भेटतात. मग ओटीए चालू असताना वेगवेगळ्या टप्प्यांवर सप्लाय काढा: डाउनलोडच्या मध्यात, शेवटच्या टक्क्याला आणि नव्या ॲपच्या पहिल्या बूटला. शेवटचा टप्पा सर्वात महत्त्वाचा. नव्या ॲपने 'मी ठीक आहे' अशी खूण करण्याआधी बोर्ड पुन्हा चालू झाला, तर जुनं ॲपच उठायला हवं. खूणही ॲप सुरू होताच करू नका. सर्व्हरशी जोडणी झाल्यावर करा, नाहीतर वाय-फाय बिघडवणारं अपडेटही पक्कं होऊन बसेल.