कुंडीत नुसती काळी माती भरलीत? घरच्या भाजीबागेतल्या या चुका टाळा

मिरचीचं रोप पिवळं पडलं की हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. त्याआधी कुंडीत बोट दोन पेरं खुपसून बघा. आत चिखल लागला तर रोप उपाशी नाही, त्याची मुळं गुदमरताहेत. अशा वेळी खत घालू नका. पाणी थांबवा आणि तळाची भोकं मोकळी करा.

देशावर नेहमी होणारी चूक म्हणजे शेतातली काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरणं. ओल धरून ठेवणारी म्हणून शेतात ती कपाशी-ज्वारीला मानवते. कुंडीत तोच गुण नडतो. भिजली की फुगते, हवा आत शिरू देत नाही. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. पाणी तर रोज घालतो, तरी रोप सुकतं, याचं कारण बहुतेकदा हेच. अशी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याच्या टबात ठेवा. पुढच्या वेळी मात्र एक घमेलं काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिसळा. बारा इंची कुंडीला वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. मूठभर बारीक वाळूने माती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धतही सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची जागा जाते. भोकावर एक खापरी पुरे.

शेणखत गरम किंवा उग्र वासाचं असेल तर ते कच्चं आहे. त्याने कोवळी मुळं जळतात. त्यात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या हुमणीच्या अळ्या निघाल्या तर वेचून काढा. त्या मुळं कुरतडतात.

जमिनीत वाफा करायचा असेल तर वापसा येईपर्यंत, म्हणजे माती खणण्याजोगी सुकेपर्यंत, कुदळ लावू नका. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटला तर खणा, चपटा झाला तर थांबा. ओली काळी माती खणली की ढेकळं पडतात आणि वाळून दगडासारखी होतात.

नव्या बंगल्याच्या आवारात बांधकामाचा राडारोडा गाडलेला असतो. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना जास्त आहे. तिथे शिरा हिरव्या राहून कोवळी पानं पिवळी पडतात, कारण लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. अशा मातीत राख घालू नका, चुना आणखी वाढतो. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचं उलटं, ती आम्लधर्मी असते. तरी चुना घालायचा तो माती परीक्षण करूनच.

टोमॅटो काढलेल्या मातीत लगेच वांगी किंवा मिरची नको, तिघांचे रोग सारखेच. त्या रोगांचे जंतू मारायला एप्रिल-मेमध्ये ती माती ओली करून पसरा आणि पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकून चार ते सहा आठवडे उन्हात ठेवा.