अतिसंवेदनशील व्यक्तीने ताण, चिंता आणि झोप कशी सांभाळावी

घरी पाहुणे येऊन गेले की ज्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थकवा जाणवतो, शेजारच्या टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडूनही ज्यांना सोसवत नाही, आणि दुपारी कोणी सहज बोललेले वाक्य रात्री अंथरुणावर ज्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहते, त्यांना ‘तू सगळेच फार मनाला लावून घेतोस’ हे वाक्य लहानपणापासून पाठ झालेले असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन एरन आणि आर्थर एरन यांनी १९९७ साली या अतिसंवेदनशील स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण पंधरा ते वीस टक्के माणसे अशी असतात, असा एलेन एरन यांचा अंदाज आहे. हा आजार नव्हे, म्हणून तो बरा करण्याच्या खटपटीत पडू नये. मात्र त्यासोबत येणारा ताण, चिंता आणि झोपेची तक्रार यांवर निश्चितपणे काम करता येते. माझे ठाम मत असे आहे की, अशा व्यक्तीची झोप कशी लागणार हे बरेचसे दिवसाच ठरते. सकाळपासून साठत गेलेला भार अंथरुणाला पाठ टेकण्याआधी किती उतरला आहे, यावर रात्र अवलंबून असते.

म्हणून सुरुवात दिवसापासून करावी. आठवडाभर रोज संध्याकाळी दोन ओळी लिहाव्यात: आज सर्वांत जास्त कशाने शिणलो, आणि कशाने बरे वाटले. गर्दीच्या लोकलचा प्रवास, कार्यालयातील सततचे फोन, एकाच दिवशी आलेले लग्न आणि बारसे अशी आपापली कारणे त्यातून स्पष्ट होतात. ती सगळी टाळता येणार नाहीत, पण ती एकामागून एक येऊ न देणे पुष्कळदा आपल्या हातात असते. कामावरून आल्याबरोबर घरच्यांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याऐवजी वीस मिनिटे एकटे बसण्याची किंवा चालून येण्याची मुभा मागून घ्यावी. ती मागताना ‘तुमचा त्रास होतो’ असे न म्हणता ‘थोडे शांत बसलो की मग नीट बोलता येईल मला’ असे सांगितले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते पटते.

चहाकडेही लक्ष द्यावे. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून अधिक. त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही पुरता उतरलेला नसतो. दुपारनंतर कोणी आग्रह केलाच तर अर्ध्या कपावर भागवावे.

आवाज हा महाराष्ट्रातील अतिसंवेदनशील माणसाच्या दृष्टीने स्वतंत्र विषय आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस आधी जाहीर होतात, म्हणून ते दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम शक्यतो ठेवू नये. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग उपयोगी पडतात, पण अनेकजण ते नुसते कानात खोचतात आणि फरक पडत नाही म्हणून टाकून देतात. प्लग बोटांत दाबून बारीक वळावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. कान दुखत किंवा वाहत असल्यास मात्र तो वापरू नये.

चिंतेसाठी जेवणापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे राखून ठेवावीत. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे काळजी लिहावी आणि उजवीकडे त्यावरचे पुढचे लहानसे पाऊल. ‘आज साहेब माझ्याशी तुटक का बोलले?’ यासमोर ‘उद्या अहवाल देताना काही सुधारणा हवी आहे का ते विचारणे’ असे लिहिता येते. आईच्या तपासणीचा निकाल यायचा असेल, तर त्यासमोर ‘गुरुवारपर्यंत यावर काही करता येणार नाही’ एवढेच लिहावे. तेही उत्तरच आहे. रात्री तोच विचार पुन्हा आला, तर तो वहीत नोंदलेला आहे, एवढे मनाला सांगितले तरी पुरते. काळजी करूच नये अशी जबरदस्ती स्वतःवर केली, की ती उलट वाढते.

झोपण्यापूर्वीच्या तासात दिवे मंद ठेवावेत आणि बातम्या, भांडणे, हिशेब यांना हात लावू नये. छातीत धडधडत असेल तर नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून लांब उच्छ्वास सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याचा प्राणायाम, करताना उच्छ्वास आपोआप लांबतो, म्हणून घरात चालणार असेल तर ती करावी.

आता मूळ नियम, जो पाळायला सर्वांत अवघड आहे. अंदाजे वीस मिनिटे कूस बदलूनही झोप आली नाही तर उठावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७०च्या दशकात मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारांत वापरली जाते. अंथरुणावर तळमळत पडून राहिले की अंथरूण आणि तळमळ यांची सांगड बसते, आणि संवेदनशील मनात ती फार लवकर पक्की होते. घर एकाच खोलीचे असेल तर कोपऱ्यात चटई टाकून बसले तरी चालते. मंद उजेडात काही साधे वाचावे, घड्याळ आणि मोबाइल पाहू नये, डोळे मिटू लागले की परत आडवे व्हावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे आणि दुपारी ताणून देऊ नये. पहिले काही दिवस याने थकवा वाढतो, हे आधीच जाणून असावे.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चालू असेल, भीतीने कामाला जाणे अशक्य होत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर स्वभावाच्या नावाखाली ते सोसत बसू नये. शेवटच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असून तिथे मराठीतून बोलता येते. झोपेच्या गोळ्या ओळखीच्या दुकानदाराकडून परस्पर घेऊ नयेत. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्यावी: कधी आडवे झालो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत मिळेल का, हे त्यांना स्वतःहून विचारावे.